लवाद आणि मध्यस्थांची व्यावसायिक नीती : पहिल्या फोनपासून शेवटच्या सहीपर्यंत

लवादाने, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निकाल देणाऱ्या माणसाने, लाच घेतल्याचा आरोप क्वचितच होतो. वाद पेटतो तो लहान गोष्टींवरून. एका पक्षाच्या वकिलाबरोबर पूर्वी भागीदारी होती, ती सांगायची राहिली. बांधकामाची पाहणी करायला लवाद बिल्डरच्याच गाडीतून गेले. फी वाढवण्याबद्दलचा फोन एकाच बाजूला झाला. यात पैसे खाल्लेले नसतात, पण समोरच्याचा विश्वास उडतो, आणि दोन वर्षे चाललेले काम कोर्टात अडकते.

लवाद आणि मध्यस्थ (निकाल न देता तडजोड घडवणारा) यांची नीती एकाच श्वासात सांगितली जाते, पण दोघांची कामे माहितीच्या बाबतीत नेमकी उलटी आहेत. लवादाला जे कळते ते सगळे दोन्ही पक्षांना कळलेच पाहिजे. मध्यस्थाला जे कळते ते, ज्याने सांगितले त्याच्या परवानगीशिवाय, दुसऱ्या कोणालाही कळता कामा नये. पुढचे बहुतेक नियम यातूनच निघतात. लवाद म्हणून बरीच वर्षे काम केलेला माणूस मध्यस्थीच्या टेबलावर चुकतो तो इथेच, आणि मध्यस्थाचा लवाद झाला की त्याचीही तीच गत होते.

पहिला फोन

नेमणुकीची विचारणा बहुधा फोनवर होते. त्या फोनवर विचारण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत : दोन्ही पक्षांची पूर्ण नावे, वकील कोण, वाद कशाबद्दल (बांधकाम, भागीदारी, कर्ज, पुरवठा), साधारण रक्कम किती, लवाद एक की तीन, सुनावणी कुठे, नेमणूक कोण करणार. यापलीकडे वकील ‘थोडक्यात सांगतो साहेब, आमची बाजू अशी आहे’ म्हणू लागला की तिथेच थांबवायचे. ‘हे दोघांसमोर ऐकेन’ एवढे म्हटले तरी पुरते. फोन संपल्यावर तारीख, वेळ, कोणाचा फोन आणि काय बोलणे झाले, हे चार ओळींत लिहून ठेवा. पुढे नेमणूक झाली तर पहिल्याच ईमेलमध्ये दोन्ही पक्षांना तेवढे कळवा.

मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशनसारख्या संस्थेमार्फत प्रकरण येत असेल तर फी, तारखा आणि नावे हे सगळे संस्थेच्या कार्यालयातूनच होऊ द्या. संस्था मध्ये असण्याचा सर्वात मोठा उपयोग हाच आहे.

प्रकटन : सर्वात जास्त वेळ इथे द्या

लवाद आणि समेट अधिनियम, 1996 च्या कलम 12 प्रमाणे विचारणा होताच लेखी प्रकटन करावे लागते, म्हणजे पक्षांशी किंवा वादाशी असलेले आपले संबंध उघड करावे लागतात. 2015 च्या दुरुस्तीने त्याला तीन अनुसूचींची जोड मिळाली. पाचव्या अनुसूचीत 34 बाबी आहेत. त्यातली एखादी लागू असेल तर निःपक्षपातीपणाबद्दल रास्त शंका येऊ शकते. सातव्या अनुसूचीत 19 बाबी आहेत; त्यातली एखादी लागू झाली तर माणूस लवाद होण्यासच अपात्र ठरतो. सहाव्या अनुसूचीत प्रकटनाचा नमुना आहे. या याद्या इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांवरून घेतल्या आहेत, त्यामुळे परदेशी पक्ष असला तरी भाषा ओळखीची वाटते.

सहाव्या अनुसूचीचा नमुना एका पानात भरता येतो, आणि तेच त्याचे दुखणे आहे. अनेक जण ‘काही नाही’ लिहून सही करतात. ‘काही नाही’ लिहिण्याआधी शोध घ्यायला हवा, आणि त्यासाठी आधी नावे हवीत. दोन्ही वकिलांकडून ही यादी मागवा : कंपनी असेल तर संचालक, मूळ कंपनी आणि उपकंपन्या, भागीदारी संस्था असेल तर सगळे भागीदार, गृहनिर्माण संस्था असेल तर अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सभासद, वकिलांची नावे आणि त्यांच्या फर्मचे नाव, माहीत असतील तेवढे साक्षीदार आणि तज्ज्ञ. संस्थेच्या समितीची नावे मागायला लोक विसरतात आणि पुढे कळते की खजिनदार हे लवादांचे व्याही आहेत.

मग आपल्या बाजूने मागच्या 3 वर्षांची वही उघडा. 3 वर्षे अशासाठी की पाचव्या अनुसूचीतल्या बऱ्याच बाबी तेवढ्या काळाच्या आहेत. या काळात कोणाचे वकालतनामे घेतले, कोणाला लेखी मत दिले, कोणत्या प्रकरणांत लवाद होतो आणि नेमणूक कोणी केली, हे सगळे पाहायचे. एकाच पक्षाने किंवा त्याच्या संलग्न कंपनीने 3 वर्षांत 2 किंवा अधिक वेळा नेमले असेल तर ते अनुसूचीत बसते. एकाच वकिलाकडून किंवा फर्मकडून 3 पेक्षा जास्त नेमणुका आल्या असतील तर तेही बसते. हा दुसरा आकडा कोणी आपणहून मोजत नाही. नेमणुकांची एक साधी तक्ता-वही ठेवली (तारीख, पक्ष, नेमणारा, वकील, फर्म, निकालाची स्थिती) तर पाच मिनिटांत उत्तर मिळते.

त्यानंतर घर. अनुसूचीच्या स्पष्टीकरणात जवळचे कुटुंबीय म्हणजे पती-पत्नी, भाऊ-बहीण, मुले, आई-वडील आणि आयुष्याचा जोडीदार. आपल्याकडची नाती एवढ्यावर थांबत नाहीत. साडू, मेहुणा, व्याही हे या व्याख्येत नाहीत, पण कलम 12 चे मूळ शब्द ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ संबंध असे आहेत. म्हणून ते लिहावे. ज्याच्या लग्नात आपण मांडवात पुढे बसलो होतो, त्याचा संबंध ‘अनुसूचीत नाही’ म्हणून गाळला, तर नंतर फोटो समोर येतो आणि स्पष्टीकरण कोणी ऐकून घेत नाही.

पैशांचे संबंधही पाहा : पक्ष असलेल्या कंपनीचे शेअर, पक्ष असलेल्या बँकेतले कर्ज, बिल्डरच्या प्रकल्पात नोंदवलेला फ्लॅट. मोठ्या बँकेत साधे बचत खाते असल्याने कोणी अपात्र होत नाही. पण एक ओळ लिहायला काही लागत नाही.

प्रकटन कसे लिहावे? गोलमोल लिहिलेले प्रकटन न केल्यासारखेच. ‘प्रतिवादी कंपनीशी माझा किरकोळ व्यावसायिक परिचय आहे’ हे वाक्य शंका वाढवते. त्याऐवजी असे लिहा :

‘मागील वर्षी प्रतिवादी कंपनीच्या एका उपकंपनीला एका जमीन व्यवहाराबद्दल मी एकदा लेखी मत दिले. त्याची फी मिळाली असून ते काम पूर्ण झाले आहे. त्या व्यवहाराचा प्रस्तुत वादाशी संबंध नाही. त्यानंतर त्या समूहाचे कोणतेही काम माझ्याकडे आलेले नाही. दावेदाराचे वकील आणि मी 15 वर्षांपूर्वी एकाच चेंबरमध्ये 2 वर्षे कनिष्ठ म्हणून काम केले आहे. सध्या माझ्यासमोर 6 लवाद प्रकरणे चालू आहेत.’

काय, कधी, किती, संपले की चालू, आणि या वादाशी संबंध आहे की नाही : प्रत्येक बाबीत ही पाच उत्तरे आली की समोरच्याला ठरवता येते. चालू प्रकरणांचा आकडा खरा लिहा. नमुन्यात तो विचारलेला आहे, कारण संपूर्ण काम 12 महिन्यांत पुरे करता येईल का हेही कलम 12 मध्ये सांगावे लागते. हातात 40 प्रकरणे असताना ‘पुरेसा वेळ आहे’ लिहिणे हेही खोटे प्रकटनच.

प्रकटन एकदा करून संपत नाही. सुनावणी चालू असताना मुलाला प्रतिवादीच्या समूहात नोकरी लागली, एखादा नवा साक्षीदार ओळखीचा निघाला, पक्षाने मध्येच वकील बदलून नवी फर्म आणली, तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. पक्षाला आक्षेप घ्यायला कळल्यापासून 15 दिवस मिळतात. तुम्ही उशिरा सांगितले तर ते 15 दिवसही उशिराच सुरू होतात.

सातव्या अनुसूचीत येणाऱ्या माणसाला पक्ष मान्यता देऊ शकतात, पण ती वाद उद्भवल्यानंतर आणि स्पष्ट लेखी करारानेच. सर्वोच्च न्यायालयाने भारत ब्रॉडबँड प्रकरणात (2019) हे ठरवले : नुसते कामकाजात भाग घेतला, दावा दाखल केला, म्हणजे आक्षेप सोडला असे होत नाही. ‘दोघेही तीन तारखांना आले, कोणी काही बोलले नाही’ यावर विसंबू नका.

तुम्हाला नेमले कोणी?

पर्किन्स ईस्टमन प्रकरणापासून (2019) ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमणे चालत नाही. पुढे 8 नोव्हेंबर 2024 ला घटनापीठाने रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात सरकारी-खासगी करारांमधली एकतर्फी नेमणुकीची कलमे घटनेच्या अनुच्छेद 14 च्या विरुद्ध ठरवली. तरीही वित्तीय कंपन्यांच्या कर्जकरारांत ‘कंपनी ठरवील तो एकमेव लवाद’ ही ओळ अजून सापडते आणि नेमणुकीची पत्रे गठ्ठ्याने येतात. अशा वेळी प्रामाणिक लवादाने काय करावे? कर्जदाराची नंतरची लेखी संमती आहे का ते पाहावे. नसेल तर नेमणूक नाकारावी आणि कंपनीला दोघांच्या संमतीने किंवा कोर्टातून नेमणूक करून आणायला सांगावे. ‘आक्षेप आला तर बघू’ म्हणत निवाडा (लवादाचा निकाल) दिला, तर तो अंमलबजावणीच्या पायरीवर कोसळू शकतो, आणि तोवर कर्जदाराचे खाते गोठलेले असते.

बहुराज्य सहकारी संस्थांच्या कायद्यातले (2002, कलम 84) लवाद हे वेगळे प्रकरण. तिथे नेमणूक केंद्रीय निबंधक करतात, त्यामुळे नेमणुकीचा प्रश्न सुटतो. पण त्याच पतसंस्थेची शेकडो प्रकरणे एकाच लवादासमोर असतात. प्रकटनात तो आकडा ठळक लिहावा आणि सुनावणी संस्थेच्या शाखेत घेऊ नये. कर्जदार वसुली अधिकाऱ्याच्या केबिनजवळ बसून आपली बाजू मांडणार असेल, तर त्याला ती सुनावणी वाटणारच नाही.

फी : पहिल्याच बैठकीत, दोघांसमोर

ओएनजीसी विरुद्ध ॲफकॉन्स गुनानुसा (30 ऑगस्ट 2022) या निकालाने एक गोष्ट पक्की केली : लवाद स्वतःची फी एकट्याने ठरवू शकत नाही. फी पहिल्या प्राथमिक बैठकीत दोन्ही पक्षांशी बोलून ठरवायची, लेखी घ्यायची आणि मध्येच वाढवायची नाही. कोर्टाने लवाद नेमला असेल आणि मुंबई उच्च न्यायालयाचे 2018 चे फी नियम लागू असतील, तर आकडा तिथून येतो.

1996 च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीवरून (फीचा तक्ता) हिशेब असा. वाद 60 लाखांचा आहे. 20 लाख ते 1 कोटी या टप्प्यात 97,500 रुपये, अधिक 20 लाखांवरच्या रकमेचे 3 टक्के. म्हणजे 40 लाखांचे 1,20,000. एकूण 2,17,500. एकच लवाद असेल तर 25 टक्के जादा, म्हणजे 54,375. होतात 2,71,875 रुपये. हा हिशेब रोजनाम्यात (त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत) असाच उतरवा. दावा आणि प्रतिदावा वेगवेगळे धरायचे हेही त्याच निकालात आहे; तेवढीच तिथे जास्त फी घेता येते, त्यापलीकडे नाही. वाचनाची फी, टंकलेखनाची फी, ‘निवाडा लिहिण्याची’ वेगळी फी ही जी जुनी सवय आहे, ती आधी ठरलेली नसेल तर सोडून द्यावी.

पैसे दोघांनी निम्मे भरायचे. एकाने भरले नाहीत तर दुसऱ्याला त्याचा वाटा भरायची मुभा आहे (कलम 38), पण ते दोघांना लेखी कळवूनच. एका पक्षाची संपूर्ण फी खात्यात आहे आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, ही परिस्थिती एक दिवसही राहू देऊ नका. रोख रक्कम तर घेऊच नये.

उशिराचाही फीशी संबंध आहे. निवेदने (दावा आणि त्याचे उत्तर) पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा द्यायचा, पक्ष संमतीने 6 महिने वाढवू शकतात, त्यापुढे कोर्ट. दोष लवादाचा दिसला तर कोर्ट दर महिन्याला 5 टक्क्यांपर्यंत फी कापू शकते.

सुनावणीच्या काळात

एकाच पक्षाशी संपर्क नको, एवढे सगळ्यांना माहीत असते. प्रत्यक्षात तो संपर्क वेगळ्या वेशात येतो. ‘साहेब, तारीख पुढची मिळेल का?’ असा व्हॉट्सॲप संदेश. बार रूममधला चहा. दिवाळीचा मिठाईचा डबा. यावर उपाय साधे आहेत. पहिल्याच आदेशात लिहा की सगळा पत्रव्यवहार ईमेलने, प्रत्येक ईमेलची प्रत समोरच्याला. फोन आणि खासगी संदेश चालणार नाहीत. तरीही संदेश आला तर त्याला उत्तर देऊ नका. तो तसाच दोघांच्या ईमेलवर पाठवा आणि खाली लिहा : ‘वरील संदेश आज सकाळी आला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे उद्या सायंकाळपर्यंत कळवावे.’ दोनदा असे केले की संदेश थांबतात. मिठाई परत पाठवताना बारीकसा अवघडलेपणा येतो, तो सोसावा.

जागेच्या पाहणीत सर्वात जास्त घसरण होते. कायद्याने पाहणीची पुरेशी आगाऊ सूचना दोघांना द्यावी लागते. त्याशिवाय स्वतःच्या वाहनाने जा, किंवा दोघांनी मिळून केलेल्या वाहनाने. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी असल्याशिवाय गेटच्या आत जाऊ नका. एक बाजू उशिरा येणार असेल तर बाहेर थांबा. चालता चालता साईट इंजिनिअर काही सांगू लागला की ते साक्ष होते. तिथल्या तिथे दोघांना जवळ बोलावून ऐका किंवा थांबवा. जेवण स्वतःच्या पैशाने. काय पाहिले याची टिपणी त्याच दिवशी दोघांना पाठवून दुरुस्त्या मागवा.

स्वतः शोधलेली माहिती हा आता मोठा धोका झाला आहे. स्यांगयाँग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण (2019) प्रकरणात बहुमताच्या निवाड्याने अभिलेखावर नसलेली, वेबसाइटवर मिळणारी सरकारी मार्गदर्शक तत्त्वे वापरली. ती पक्षाला दाखवलीच नव्हती, म्हणून आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही या कारणावर सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. तेव्हा रात्री घरी बसून बाजारभाव, रेडी रेकनर किंवा कंपनीची माहिती शोधण्याचा मोह झाला, तर थांबा. तो कागद खरोखर लागणारच असेल तर दोघांना पाठवा, म्हणणे मागवा, मगच वापरा. अभियंता किंवा सनदी लेखापाल असलेल्या लवादांना हा मोह जास्त होतो, कारण विषय त्यांचा असतो. स्वतःचे ज्ञान पुरावा समजण्यासाठी वापरावे. पुराव्यात नसलेला आकडा त्यातून काढू नये.

गोपनीयतेचे कलम 42अ 2019 पासून आहे. प्रकरणाची कागदपत्रे एखाद्या सार्वजनिक एआय साधनात टाकून सारांश काढणे म्हणजे तीच कागदपत्रे बाहेर देणे, असे समजून चालावे. सचिव किंवा कनिष्ठ मदतीला असेल तर त्याचे नाव दोघांना कळवा. त्याने तारखा, टिपणे, कागदांची मांडणी करावी. कारणमीमांसा लवादानेच लिहावी.

एक पक्ष येतच नसेल तरी त्याला दर तारखेची सूचना आणि दर कागदाची प्रत जात राहिली पाहिजे. प्रतिवादीने म्हणणे दिले नाही म्हणजे दावा कबूल केला असे धरता येत नाही.

रोजनामा त्याच दिवशी. वकिलांच्या सह्या घेता आल्या तर उत्तम. नाहीतर त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवून ‘48 तासांत दुरुस्ती सुचवावी’ असे लिहा.

तिघांचे लवादपीठ

‘आमचा लवाद’ हा शब्दप्रयोग पक्षांच्या तोंडी असतो, तो लवादाच्या डोक्यात शिरू नये. पक्षाने नाव सुचवले तरी नेमणुकीनंतर त्या पक्षाशी खासगी बोलणे बंद. अध्यक्ष लवाद निवडताना आपल्या पक्षाचे मत विचारता येते, पण ते दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेले असावे. आपसातली चर्चा बाहेर जात नाही, आणि अल्पमताचा निवाडा लिहितानाही ‘बैठकीत अमुक जण तमुक म्हणाले’ असे लिहायचे नसते. फक्त स्वतःची कारणे. तिसऱ्याने सही केली नाही तर बहुमताची सही पुरते, मात्र सही नसण्याचे कारण निवाड्यात नमूद करावे लागते.

मध्यस्थ : बैठकीची सुरुवात

मध्यस्थाला निकाल द्यायचा नसतो, म्हणून त्याची नीती सैल, असे काहींना वाटते. उलट आहे. लवादाच्या चुकीवर निदान कोर्टात दाद मागता येते. मध्यस्थाच्या बंद खोलीत काय झाले हे कोणालाच कळत नाही.

प्रकटनाचा भाग लवादासारखाच : आधी, लेखी, दोघांना. 2023 च्या मध्यस्थी अधिनियमात हितसंबंधांचे प्रकटन, मध्यस्थाची भूमिका, 120 दिवसांची मुदत (संमतीने आणखी 60) आणि ध्वनिचित्रमुद्रणावर बंदी अशा तरतुदी आहेत. हा अधिनियम टप्प्याटप्प्याने अमलात येतो. पहिला टप्पा 9 ऑक्टोबर 2023 चा. एखाद्या कलमाचा आधार घेण्याआधी ते अधिसूचित झाले आहे का ते पाहून घ्या. न्यायालयीन मध्यस्थीत त्या मध्यस्थी केंद्राचे नियम, आणि व्यापारी वादांच्या दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीत 2018 च्या नियमांतला नियम 12 लागतो. नियम 12 कडक आहे : विधी सेवा प्राधिकरणाच्या जागेत होणाऱ्या बैठकीशिवाय पक्षांना किंवा वकिलांना खासगी भेटायचे नाही, निकालाची हमी द्यायची नाही, माध्यमांशी बोलायचे नाही.

पहिल्या बैठकीतले निवेदन पाच-सात मिनिटांचे असावे आणि पक्षाला समजेल त्या भाषेत. वकिलाला इंग्रजी येते म्हणून इंग्रजीत बोलू नका. तडजोड वकील करत नाही. यात काय सांगायचे : मी निर्णय देणार नाही. तुमची इच्छा असेल तरच तडजोड. कधीही उठून जाता येते आणि त्याने तुमच्या दाव्याचे नुकसान होत नाही. मी तुम्हाला वेगवेगळे भेटेन. तिथे सांगितलेले तुम्ही म्हणाल तेवढेच पलीकडे जाईल. मोबाईलवर रेकॉर्डिंग नको.

स्वतंत्र बैठक

इथे लवादाची सवय घात करते. स्वतंत्र बैठकीत एका पक्षाने सांगितले की 30 लाखांवर तो तयार होईल. मध्यस्थ पलीकडे जाऊन म्हणतो, ‘32 म्हणा, जमेल.’ आकडा सांगितला नाही तरी सुचवला. हा विश्वासघात आहे, आणि अनुभवी वकिलांना तो लगेच ओळखू येतो.

काम असे करा. बैठक संपताना प्रत्येक मुद्द्यावर विचारा : हे सांगू, सांगू नको, की माझी कल्पना म्हणून मांडू? कागदावर तीन रकाने पाडा आणि मुद्दा त्या-त्या रकान्यात लिहा. पलीकडच्या खोलीत जाताना फक्त पहिला आणि तिसरा रकाना सोबत न्या. प्रत्येक खोलीसाठी वेगळी वही असेल तर टेबलावर चुकून उघडी राहण्याचा प्रश्न येत नाही. दोन्हीकडे वेळ साधारण सारखा द्या; एका बाजूला दीड तास लागणार असेल तर दुसऱ्या बाजूला मध्येच जाऊन ‘अजून चालू आहे’ एवढे सांगा. बंद दारामागे किती वेळ गेला हे बाहेर बसलेला माणूस घड्याळ लावून मोजत असतो.

1996 च्या कायद्यातल्या समेटकर्त्याचा (तोही मध्यस्थासारखा तडजोडच घडवतो) नियम इथे वेगळा आहे. त्याच्या कलम 70 प्रमाणे समेटकर्त्याला मिळालेली वस्तुस्थितीची माहिती दुसऱ्या पक्षाला सांगायची असते, देणाऱ्याने गुप्त ठेवायला सांगितले असेल तरच नाही. म्हणजे गृहीतक उलटे. आपण कोणत्या नियमाखाली बसलो आहोत हे सुरुवातीलाच ठरवून लिहून घ्या.

‘साहेब, कोर्टात गेलो तर काय होईल?’ हा प्रश्न दर बैठकीत येतो. मध्यस्थ निवृत्त न्यायाधीश असेल तर त्याच्या एका वाक्याचा निकाल होतो. त्याऐवजी प्रश्न परतवा : तुमच्या वकिलांनी कमकुवत बाजू कोणती सांगितली? अजून किती वर्षे, किती खर्च? दोन्ही खोल्यांत तेच प्रश्न, त्याच सुरात.

दबाव

संमती खरी आहे का हे पाहणे मध्यस्थाचे काम आहे. कौटुंबिक वादात पहिली भेट वेगवेगळी घ्या. बाई बोलत नाही, प्रश्न तिला विचारला आणि उत्तर भाऊ देतो, तर भावाला बाहेर बसवा. मारहाणीची भीती दिसली तर एकत्र बैठक घेऊच नका. गरज असेल तर मध्यस्थी थांबवा. रात्री साडेनऊला, उपाशीपोटी, ‘आता सही केल्याशिवाय उठायचे नाही’ अशा वातावरणातली सही पुढच्या आठवड्यात नाकारली जाते. सकाळपर्यंत मसुदा दोघांकडे राहू द्या.

गावपातळीवर हा दबाव जास्त असतो. 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावी समित्या दिल्या; त्यांच्यासमोर बसणारा प्रत्येक जण कोणाचा तरी भाऊबंद असतो. ओळख नसलेला मध्यस्थ तिथे मिळणार नाही. मग निदान एवढे पाळावे : ज्याचे सोयरेपण किंवा शेताचा बांध त्या वादात आहे त्याने त्या दिवशी उठावे, गावासमोर ‘हो’ म्हणायला लावू नये, आणि बांधाचा प्रश्न असेल तर सातबारा आणि मोजणीचा नकाशा पाहिल्याशिवाय तडजोड लिहू नये. फौजदारी गंभीर गुन्हा तडजोडीत मिटवता येत नाही, हेही समितीला वारंवार सांगावे लागते.

तडजोडपत्र, आणि तडजोड झाली नाही तर

मसुदा शक्यतो वकिलांनी लिहावा. मध्यस्थाने तो अमलात येण्यासारखा आहे का ते पाहावे. रक्कम अंकी आणि अक्षरी, हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर काय, चेक न वटल्यास काय, कोणते दावे आणि तक्रारी कोणी कधी मागे घ्यायच्या, ताबा कोणत्या दिवशी. ‘लवकरात लवकर’ हा शब्द दिसला की खोडून तारीख लिहा. इंग्रजी न वाचणाऱ्या पक्षाला मराठी प्रत द्या आणि त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. सांगता आले नाही तर सही घेऊ नका. बेकायदा अट, उदाहरणार्थ व्यवहाराची रक्कम कमी दाखवणे, दोघांना मान्य असली तरी मध्यस्थाने त्यावर सही करू नये.

तडजोड झाली नाही तर कोर्टाला एकच वाक्य : ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही.’ मोतीराम विरुद्ध अशोक कुमार (2010) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. कोणी सहकार्य केले नाही, कोणाचा प्रस्ताव रास्त होता, असे एक विशेषणही नको. कोर्टाने किंवा वकिलाने तोंडी विचारले तरी उत्तर तेच.

एकाच माणसाने दोन्ही कामे

लवाद चालू असताना तडजोडीची शक्यता दिसली, तर कायदा लवादाला प्रोत्साहन द्यायला सांगतो (कलम 30). पण स्वतंत्र बैठकीत एकाची शेवटची रक्कम ऐकून नंतर त्याच प्रकरणात निवाडा द्यायला बसणे धोक्याचे. सरळ मार्ग असा : सुनावणी 3-4 आठवडे तहकूब करा, दुसऱ्या मध्यस्थाकडे पाठवा, आणि तिथे काय झाले ते विचारू नका. याच्या उलट, मध्यस्थी केलेल्या माणसाने त्याच वादात लवाद, वकील किंवा साक्षीदार होऊ नये. 1996 च्या कायद्यातल्या समेटाच्या कलम 80 मध्येही हे आहे आणि 2023 च्या अधिनियमातही आहे. पक्षांनी मुभा दिली तरी आम्ही नकाराच्याच बाजूने आहोत.

आक्षेप आला तर

रागावू नका, आणि घाईने राजीनामाही देऊ नका. दुसऱ्या बाजूचे म्हणणे मागवा, सुनावणी घ्या, कारणे देऊन आदेश करा. आक्षेपात तथ्य असेल तर बाजूला व्हा. फक्त वेळकाढूपणा असेल तर फेटाळून काम पुढे न्या. निवाड्यानंतर कोर्टात त्याला दाद मागता येते. आपल्या आदेशात वकिलाच्या हेतूंवर ताशेरे ओढले, की आक्षेपाला नसलेले कारण तुम्हीच पुरवता.

बाजूला होताना न केलेल्या कामाची फी परत करा आणि फाइल अनुक्रमणिकेसह सोपवा. निवाड्याची सही केलेली प्रत प्रत्येक पक्षाला एकाच दिवशी पाठवा. एका वकिलाला आदल्या संध्याकाळी ‘निकाल लागला’ असे फोनवर कळवणे म्हणजे दुसऱ्याला कळण्याआधी त्याला पैसे हलवायची संधी देणे. मूळ कागद पावती घेऊन परत करा, आणि निवाड्याला आव्हान देण्याची मुदत (3 महिने, अधिक कोर्टाने माफ केल्यास 30 दिवस) संपेपर्यंत व आव्हान दिले गेल्यास ते निकाली निघेपर्यंत आपला संच जपून ठेवा. मध्यस्थाने मात्र तीन रकान्यांचे ते कागद प्रकरण बंद झाल्यावर फाडून टाकावेत, आणि संगणकावरची प्रत असल्यास तीही पुसावी.